गोदानातली फटफटी

चिखलदऱ्यात वाघानं एक गाय नेली, म्हणून आमच्या घरी फटफटी आली. हे मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. पण त्या काळच्या वऱ्हाडात याहून साध्या कारणानं काही घडतच नव्हतं, त्याला मी काय करू?

आमचं घर अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठाला. धंदा भिक्षुकीचा. बाबांचे यजमान अकोल्यापासून अमरावतीपर्यंत आणि वर मेळघाटात चिखलदऱ्यापर्यंत पसरलेले, आणि बाबांचे गुडघे मात्र घरातच संपलेले. ते पाटावरून उठले की दोन्ही गुडघे असे वाजत, की शेजारच्या गल्लीत लोक दार उघडून बघत, कोण आलं म्हणून. मी त्यांच्या हाताखाली शिकलेला भटजी. वय असं, की रुद्रापेक्षा रस्ता जास्त आवडावा.

तर चिखलदऱ्यात बाबांचा एक यजमान होता, कॉफीच्या मळ्याचा मालक. त्यानं नवीन बंगला बांधला आणि वास्तुशांत ठेवली. गोदानही ठरलं होतं. आदल्या रात्री वाघ आला आणि गाय घेऊन गेला. सकाळी खुंट्याला नुसतं दावं. मुहूर्त जवळ आला, दुसरी गाय खालून घाट चढून येईपर्यंत दुपार झाली असती. यजमान डोकं धरून बसला, मग एकदम उठला आणि गोठ्याच्या मागून एक फटफटी ढकलत घेऊन आला. लढाई संपल्यावर लष्करानं टाकून दिलेली, हिरव्या रंगाची, इंग्रजी बनावटीची. सीटवर नखांचे ओरखडे होते. एकदा अस्वल तिच्यावर बसून गेलं होतं म्हणे. चालवत गेलं असं काही जण सांगत, पण ते मी स्वतः पाहिलेलं नाही, म्हणून लिहीत नाही.

बाबा म्हणाले, "गोदानाले चार पायाचं जनावर लागते, शेठ."

यजमान म्हणाला, "दोन चाकं आणि दोन पायदान. मोजून घ्या महाराज."

बाबा शास्त्री माणूस. त्यांनी डोळे मिटून सगळी शास्त्रं आतल्या आत उलटीपालटी केली आणि फटफटीविरुद्ध कुठंच काही सापडेना. गोदानात गायीची शेपटी हातात धरून पाणी सोडतात. शेपटीच्या जागी सायलेन्सर होता. मी मघाशीच गाडी चालू करून पाहिली होती, हे कोणाच्या लक्षात नव्हतं. बाबांनी सायलेन्सर धरला, यजमानानं पाणी सोडलं, चर्रर्र आवाज झाला, आणि त्या दिवशी 'स्वस्ति' हा शब्द चिखलदऱ्यात जितका जोरात ऐकू आला तितका पुन्हा कधी आला नाही. वाघसुद्धा जंगल सोडून गेला.

अशी ती आमची झाली. घाट मी एकट्यानं उतरलो. कसा उतरलो ते देवाला ठाऊक, कारण अर्धा घाट मी डोळे मिटून होतो.

अकोल्यात आल्या आल्या नाक्यावरच्या हवालदारानं अडवलं. लष्कराची गाडी, नवीन नोंद पाहिजे, आणि मोटार तपासणीच्या साहेबानं पास केल्याशिवाय रस्त्यावर दिसली तर जमा करीन, म्हणाला. हे साहेब महिन्यातून एक दिवस अमरावतीहून अकोल्याला येत आणि डाक बंगल्याच्या पटांगणात गाड्या तपासत. पुण्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. शर्टाची इस्त्री अशी की तिच्या धारेवर भाजी चिरावी.

पहिल्या खेपेला मी छाती पुढं काढून गेलो. साहेबांनी फटफटीभोवती एक प्रदक्षिणा घातली. मग एकेक करून पाहू लागले. मागचा ब्रेक दाबला; गाडी थांबायच्या ऐवजी विचारात पडली. दिवा लावला; तो लागलाय का हे पाहायला काडी पेटवावी लागली. टायर हुबेहूब माझ्या डोक्यासारखे, नुकतंच क्षौर झालेलं, फक्त शेंडी तेवढी नाही. चेन इतकी सैल की जमिनीवरचे खडे उचलून घेई. पुढचं चाक धरून हलवलं तर ते 'नाही, नाही' अशी मान हलवू लागलं. टाकीतून पेट्रोल अभिषेकासारखं ठिबकत होतं. भोंगा नव्हताच. आणि सायलेन्सरला भोक. ती चालू केली तेव्हा डाक बंगल्याच्या लिंबावरून जे पोपट उडाले, ते थेट मूर्तिजापुरात उतरले. तिथल्या लोकांनी मला नंतर सांगितलं.

"नापास," साहेब म्हणाले.

"कशात?"

"पास कशात झाली ते विचारा, लवकर सांगता येईल. रंगात."

घरी आल्यावर बाबा पाटावरून उठले. गुडघे वाजले.

"आपल्या घराण्यात आजवर कोणी नापास झालं नाही," ते म्हणाले. "अजून एक खेप देतो. तिथंही आपटली, तर भंगारवाल्याले."

आमची आत्या स्वयंपाकघरातून ओरडली, "दानाची गाय खाटकाले देतोस का रे? लाज नाही वाटत?"

आत्या बाबांची थोरली बहीण. तिच्यापुढं शास्त्र चालत नसे. बाबा दोन पावलं मागं सरले.

"बरं, खाटकाले नाही. मग गोरक्षणात नेऊन बांधतो. चार गायी तशी ही पाचवी. राहील तिथं खुंट्याले, म्हातारी होईपर्यंत."

बाबा बोलले म्हणजे झालं. त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर फटफटी गोरक्षणाच्या दावणीला उभी होती, गळ्यात दावं, पुढ्यात कडबा. मी गव्हाणीत तोंड खुपसून रडावं तसा उशीत रडलो.

मग महिनाभर मी आणि जुन्या शहरातला एक मिस्त्री असे तिला लागलो. या मिस्त्रीला चालत्या गाडीपेक्षा चालतं तोंड जास्त आवडे. पण काम झालं. टायर बदलले, दिवा नवा, ब्रेकचे पट्टे नवे, चेन आवळली, चाकाची मान सरळ केली, सायलेन्सरचं भोक बुजवलं, गळक्या टाकीला कथलाचा डाग दिला. हँडलला एक जुना भोंगा बसवला, पितळी तोंडाचा, मागं रबरी गोळा. तो दाबला की मोर्णेपलीकडच्या म्हशी वळून पाहत. शेवटी मिस्त्री कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "महाराज, अब ये गाडी नहीं, बारात की घोडी है. साहब खुद बैठ के घर ले जाएगा."

आता अडचण अशी, की साहेबांची पुढली फेरी आली नेमकी भातकुलीच्या लग्नाच्या दिवशी. भातकुलीचे पाटील आमचे आजोबांपासूनचे यजमान. काळ्या जमिनीचे धनी, आवाज ढगासारखा. त्यांच्या मुलीचं लग्न गोरज मुहूर्तावर, म्हणजे गुरं घरी परततात आणि त्यांच्या खुरांची धूळ उडते त्या वेळेला. त्या वेळेला अंतरपाटाशी आमच्याच घरचा माणूस पाहिजे, हा त्यांचा हट्ट. नाही पोचलो, तर पाटील दुसरा भटजी बसवतील, आणि पाटलांनी एकदा सोडलं की अख्खं भातकुली सोडणार.

बाबांनी करार केला. "सकाळी तुझी परीक्षा. पास झाली तर तुझ्या मागं बसून भातकुलीले येतो. नापास झाली तर दुपारच्या बसनं जाऊ, आणि परत आलो की हिले गोरक्षण."

मला आणखी काय हवं होतं? त्या सकाळी मी इतका हर्षात होतो की संध्या उलटी केली असेल. पेट्रोल आणायला डबा घेऊन धावलो. तेवढ्यात घरात काय झालं ते मी परत आल्यावर पाहिलं.

फटफटी अंगणात चौरंगापुढं उभी होती. गळ्यात झेंडूचे हार. हेडलाइटच्या काचेवर हळदीचा लेप आणि त्यावर शेंदराचं स्वस्तिक. नंबराच्या पाटीवर कुंकवाची पाची बोटं. ब्रेकच्या मुठीला लाल नाडा, एक-दोन वेढे नव्हे, आत्यानं गुंडाळलेला, म्हणजे मूठ लोडासारखी झाली होती.

"मागच्या वेळेले नापास झाली, कारण पूजा नव्हती केली," बाबा घाम पुसत म्हणाले. "नुसती पूजा नाही. साग्रसंगीत प्राणप्रतिष्ठा केली आहे. आता तिच्यात जीव आहे."

मी आनंदानं किकवर पाय ठेवायला गेलो.

"पाऽऽय!" बाबा असे ओरडले की हारातली फुलं गळाली. "प्राणप्रतिष्ठा झालेल्या देवतेले पाय लावतो? काहून रे, अक्कल विकून पेट्रोल आणलं का?"

"पण बाबा, किक मारल्याशिवाय ती चालू..."

"ढकलत ने."

म्हणून आम्ही ढकलत निघालो. मी हँडल धरलेलं, बाबा एका बाजूला पळी-पंचपात्र घेऊन, आत्या मागून उदबत्ती धरून. जुन्या शहरातून मोर्णेच्या पुलावर येईपर्यंत आमच्यामागं निम्मं अकोलं. कोणी विचारी, कोणत्या देवीची पालखी? आत्या सांगे, गोमातेची. पुलावर दोन बाया पाया पडल्या. एकीनं फटफटीची ओटी भरली. तांदूळ चेनमध्ये गेले.

डाक बंगल्यात पोचेपर्यंत दुपार झाली. साहेब टेबल मांडून बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. फटफटी तीच होती.

"हे काय आहे?"

"फटफटी, साहेब. दुरुस्त करून आणली," मी म्हणालो.

"ते ठीक आहे. गाडी कुठे आहे? मला फुलं दिसताहेत."

पण माणूस नियमाचा. उठले. दिवा लावायला सांगितला. लागला, पण हळदीतून आणि शेंदरातून असा उजेड बाहेर आला, जसा नवऱ्या मुलीचा चेहरा. नंबराची पाटी वाचायला वाकले. कुंकवाच्या बोटांमधून एकच आकडा डोकावत होता. ब्रेकची मूठ दाबली. नाड्याच्या लोडावर त्यांची बोटं नुसती टेकली आणि परत आली.

"गुरुजी, हा दोरा कशासाठी?"

"रक्षासूत्र आहे. अपघात होऊ नये म्हणून."

"याच्यामुळेच होईल," साहेब म्हणाले. "बरं, हॉर्न वाजवा."

हा माझा हुकमाचा एक्का. महिनाभर ज्यानं म्हशी वळवल्या तो भोंगा. मी सगळा जीव एकवटून रबरी गोळा दाबला. आवाज नाही. पुन्हा दाबला. आतून नुसतं 'घूं घूं'. साहेब ऐकायला भोंग्याच्या तोंडाशी वाकले, आणि मी दोन्ही हातांनी तिसऱ्यांदा दाबला.

फाऽऽड्!

गूळखोबऱ्याचा एक गोळा भोंग्यातून सुटला आणि त्या इस्त्रीच्या शर्टावर बरोब्बर छातीवर जाऊन बसला. पदकासारखा.

लिंबावरच्या पोपटांनी, जे मूर्तिजापुराहून नुकतेच परत आले होते, श्वास रोखला.

आत्या पुढं झाली. "नैवेद्य होता जी. दुसरं तोंडच नाही दिसलं कुठं तिले."

त्याच क्षणी बाहेरच्या रस्त्यावरून धुरळा उडवत एक बस गेली. बाबांनी मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. त्यांचा चेहरा उतरला.

"अबे," ते हळूच मला म्हणाले, "ते आपली बस होती."

आता कळलं ना काय झालं? बस गेली. दुसरी बस गोरज टळल्यावर पोचणार. फटफटी पास झाली तरच भातकुली, नाहीतर आजोबांचे यजमान आणि माझी गाय, दोन्ही एकाच दुपारी जाणार. पण खरं सांगतो, अंगात एक मजाही चढली होती. आता ती एकटीच परीक्षेला बसली नव्हती, आम्ही सगळे तिच्याबरोबर बसलो होतो.

साहेबांनी रुमालानं गूळ पुसला. एक खोबऱ्याचा तुकडा नकळत तोंडात टाकला.

"गुरुजी, हे सगळं धुऊन आणा, मग मी पुन्हा बघतो. तोवर किक तरी बघू." आणि बूट उचलला.

"पाऽऽय!" बाबा आणि आत्या एकदम ओरडले, आणि दोघं फटफटीला आडवे झाले. बाबांचे गुडघे असे वाजले की साहेबांना वाटलं गाडी चालू झाली.

"अहो, किक मारल्याशिवाय पास कशी करू?"

"जीव घातला आहे तिच्यात! आधी उत्तरपूजा, मग विसर्जन. त्याशिवाय पाय नाही."

"मग करा विसर्जन."

बाबांनी संथपणे उपरणं सारखं केलं. "करतो. पण विसर्जन पाण्यात असते, साहेब. मोर्णेत न्यावी लागेल."

मी अर्धमेला झालो. "बाबा! पोळ्याले बैल पुजतो आपण, मग काय नदीत बुडवतो? दुसऱ्या दिवशी औताले जुंपतोच ना!"

"बैलात जीव आधीच असते. आपण घालत नाही. हिच्यात मी घातला आहे."

गर्दीतून कोणी म्हणालं, महाराज बरोबर बोलून राहिले. दुसरा म्हणाला, मोर्णेत पाणी गुडघाभरच आहे, बुडेल तरी कशी? वाद पेटला. सूर्य मात्र कोणाचं ऐकत नव्हता, सरळ भातकुलीकडं पाठ फिरवून खाली उतरत होता.

तेव्हा साहेब म्हणाले, अगदी पुणेरी थंडपणानं, "गुरुजी, नदी इथे आणली तर चालेल?" आणि चपराशाला हाक मारली. "पिण्याचं पाणी कुठून आणतोस रे?"

"मोर्णेवरूनच जी, सकाळी कावडीनं."

"दोन बादल्या घेऊन ये."

बाबा विचारात पडले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही पसरलं, जे मी फक्त श्राद्धाच्या खिरीच्या वेळी पाहिलं होतं. "मोर्णेचं असलं, तर मोर्णेतच झालं," ते म्हणाले. "चालते."

मग मी जी उत्तरपूजा पाहिली, तशी वऱ्हाडात पुन्हा कोणी केली नाही. बाबा मंत्र म्हणत होते त्या वेगानं आगगाडीसुद्धा जात नसे. आत्यानं अक्षता वाहिल्या. फटफटी जागेवरून जराशी हलवली, गणपती हलवतात तशी. बाबांनी हात वर केला, आणि आम्ही दोन बादल्या पाणी हेडलाइटपासून मागच्या मडगार्डपर्यंत ओतलं. हळद गेली, शेंदूर गेला, आकडे उघडे पडले, झेंडू वाहून गेला. मी दातांनी नाडा तोडला. आत्यानं भोंग्यात बोट घालून राहिलेला प्रसाद काढला आणि वाया जायला नको म्हणून साहेबांच्या हातावर ठेवला.

"आता नुसतं लोखंड आहे," बाबा म्हणाले. "मारा पाय."

साहेब पुढं आले. किकपाशी थांबले. आमच्याकडं एकदा पाहिलं. आणि खाली वाकून बुटाची नाडी सोडली, बूट काढला, मोजाही काढला. मग अनवाणी पायानं किक मारली.

फटफटीनं उलट किक दिली. साहेब हवेत गेले, किती वर ते सांगत नाही, कारण तुम्ही मानणार नाही, आणि खाली आले ते बाबांच्या मिठीत.

बाबा हर्षानं ओरडले, "लाथ मारली! गायच आहे!"

दुसऱ्या किकला ती गर्जली. ब्रेक दाबला, जागच्या जागी उभी राहिली. दिवा भर उन्हात डोळे दिपवी. भोंगा वाजला आणि पोपट पुन्हा मूर्तिजापूरच्या वाटेला लागले. साहेब लंगडत टेबलाशी गेले, सही केली, शिक्का मारला.

"पास. आणि गुरुजी, पुढच्या वेळी पूजा तपासणीनंतर करा."

बाबा पंचा कंबरेला बांधून माझ्या मागं बसले, एका हातात ताम्हन, दुसऱ्या हातानं माझं जानवं धरलेलं. मी सोडली! बोरगाव कधी आलं ते कळलं नाही. मूर्तिजापुराच्या अलीकडं आमची बस गाठली आणि मागं टाकली. बाबांनी बसच्या ड्रायव्हरला ताम्हन हलवून दाखवलं. त्यांची शेंडी मागं सरळ उभी, ध्वजासारखी. भीतीनं म्हणायला घेतलेलं स्तोत्र बडनेऱ्यापर्यंत त्यांनी इतक्यांदा म्हटलं, की पुढच्या जन्माचंही फिटलं असेल. पण बडनेऱ्याहून भातकुलीच्या कच्च्या रस्त्याला वळलो, तेव्हा मागून आवाज आला, "अबे, याहून जोरात नाही का जात ही?"

भातकुलीच्या शिवेवर मावळतीचा उजेड आणि समोर गुरंच गुरं. धूळ उडाली होती. गोरज! मी भोंगा दाबला. गुरं बाजूला व्हायच्या ऐवजी वळली, कारण भोंग्यात कुठंतरी गूळ राहिला होता आणि दाबल्याबरोबर त्याचा वास गावभर गेला. एक पांढरी गाय येऊन पितळी तोंड चाटू लागली. दुसरी आली, तिसरी आली. आम्ही गायींच्या मधोमध, गायींच्या चालीनं, गायींच्या धुळीत पाटलांच्या मांडवाशी पोचलो. फटफटी त्यांच्यातलीच एक वाटत होती.

पाटलांचा ढग गडगडला. "आले! महाराज आले! गायीसंगं आले! अवं, आरती आना वं कोनी! फटफटीले ओवाळा!"

बायका ताटं घेऊन धावल्या. हळद, कुंकू, झेंडूचे हार, गूळ. आणि पाटावरून उठताना ज्यांचे गुडघे गल्लीभर ऐकू येत, ते बाबा चालत्या गाडीवरून उडी मारून खाली उतरले आणि हेडलाइटपुढं दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"मागं व्हा! नवरदेवाले लावा, नवरीले लावा, मले लावा! हिले एक बोट लावलं तर खबरदार. पास झाली आहे!"

लग्न वेळेवर लागलं. फटफटी मांडवाच्या कोपऱ्यात उभी केली होती आणि तिच्याभोवती लहान मुलं हार घेऊन टपून होती. मी अंतरपाट धरला होता, त्यामुळं मला समोरून सगळं दिसत होतं. बाबांनी मंगलाष्टकं खणखणीत म्हटली, पण दर कडव्याच्या शेवटी जो 'सावधान' येतो, तो त्यांनी नवरा-नवरीकडं पाहून एकदाही म्हटला नाही. प्रत्येक वेळी मान वळवून, हात उगारून, कोपऱ्याकडं पाहून म्हटला.